उंदराला विष नको, वाट बंद करा

पावसाळी मासेमारीबंदीचे 61 दिवस, म्हणजे 1 जून ते 31 जुलै, कोकणातल्या असंख्य नौका किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. वाऱ्यापावसापासून त्यांना जपण्याची कला कोळी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. उंदराची आठवण मात्र बहुधा नुकसान झाल्यावरच होते. ताडपत्रीखालची कोरडी, अंधारी, माणसांचा वावर नसलेली जागा त्याला घर म्हणून आयतीच मिळते. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते. म्हणजे बंदी संपेपर्यंत एकाच नौकेत दोन विणी होऊ शकतात. पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडणे ही उंदराची गरजच असते. कुरतडलेले जाळे निदान डोळ्यांना दिसते. फळीआड कुरतडलेली वायर किंवा डिझेलची नळी दिसत नाही. ती दगा देते भर समुद्रात, इंजिन बंद पाडून किंवा आग लावून. म्हणून हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही, खलाशांच्या जिवाचा आहे.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे विष. ते स्वस्त आहे आणि टाकले की काम झाल्यासारखे वाटते. पण ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे काही दिवसांनी मारतात. तोवर उंदीर फळ्यांखाली शिरून तिथेच मरतो आणि सडतो. तो विषारी उंदीर खाऊन मांजरे आणि घुबडे, म्हणजे त्याचे नैसर्गिक शत्रूच, दगावू शकतात. झिंक फॉस्फाइड लवकर मारते, पण त्यातून वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. शिवाय अन्न आणि आसरा शिल्लक असेल, तर मेलेल्यांच्या जागी नवे येतातच.

खरा उपाय अन्न आणि वाट तोडण्याचा आहे. नौका शाकारण्याआधी मासळीचा खण घासून धुवावा, तांदूळ-पिठाचे डबे घरी न्यावेत, जाळी धुऊन, वाळवून उंच टांगावीत. बोटभर भोकातूनही उंदराचे पिल्लू आत शिरते. त्यामुळे फटी लाकडाने किंवा चिंध्यांनी न बुजवता पत्र्याने वा लोखंडी जाळीने बंद कराव्यात. काळा उंदीर दोरावरून सहज चढतो, म्हणून ताडपत्रीची टोके आणि दोर जमिनीवर लोळू देऊ नयेत. आठवड्यातून एकदा ताडपत्री उचलून पाहावे, लेंड्या दिसल्या तर चापाचे सापळे लावावेत. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, तेव्हा सफाई हातमोजे घालून, जंतुनाशकाने ओले करूनच करावी.

‘मी स्वच्छता ठेवीन, पण शेजारच्या नौकेचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. ओळीने उभ्या नौकांत उंदीर मालकी ओळखत नाही, म्हणूनच हे काम एकट्याचे नाही. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांना आरोग्य नियमांनुसार दर सहा महिन्यांनी तपासणी करून स्वच्छतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि अनेक बंदरांत त्यांच्या दोरांवर उंदीर रोखणाऱ्या चकत्या बसवल्या जातात. ही शिस्त लहान बंदरांनीही अंगीकारायला हवी. मच्छीमार सहकारी संस्थांनी मे महिन्यातच सामूहिक सफाईचा दिवस ठरवावा, पावसाळ्यात आठवड्याच्या फेरीची पाळी लावावी; मत्स्य विभागाने पत्रा, जाळी आणि सापळे सवलतीत द्यावेत. आणि 1 ऑगस्टला नौका पाण्यात लोटण्याआधी प्रत्येक तांडेलाने वायर आणि नळ्या हाताने तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.