चौथी सीट

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, उटण्याचा वास अंगाला तसाच असताना, आमची सारी सोसायटी 'दिवाळी पहाट'च्या मैफलीला निघते. मीही निघतो. सौभाग्यवतींनी तिकिटे महिनाभर आधी काढून ठेवलेली असतात, आणि 'मी येत नाही' असे म्हणण्याचे धैर्य माझ्या अंगी नाही. गायक भूपाळीला हात घालतात, आजूबाजूच्या माना डोलू लागतात, आणि मला, काय सांगू वाचकहो, गाढ झोप लागते.

"प्राध्यापक, तुम्हांला गाण्याचा कान नाही वाटतं?" गेल्या वर्षी मध्यंतरात चहाचा पेला हाती देत एका गृहस्थांनी मला विचारले. मी नुसता हसलो. कान आहे हो! चांगला आहे. पण तो ज्या गाण्यासाठी टवकारतो, त्याचे नाव मराठीच्या प्राध्यापकाने चारचौघांत घेऊ नये, असा एक अलिखित संकेत आहे. या सदरात मी वर्षभर ऱ्हस्व-दीर्घापासून वांग्याच्या भरतापर्यंत सगळ्यांवर लिहिले. हे एवढे मात्र टाळले. दिवाळी अंकात पाने जास्त असतात आणि फराळामुळे वाचकांची मनेही उदार झालेली असतात; म्हणून आज सांगूनच टाकतो. मी रॉक संगीताचा भक्त आहे. तोही घरी बसून ऐकणारा नव्हे. मैदानात तासन् तास उभा राहणारा, घसा बसेपर्यंत ओरडणारा. सकाळी द्वितीय वर्षाला ज्ञानेश्वरी शिकवायची आणि संध्याकाळी काळा सदरा चढवून बँड ऐकायला जायचे, असा माझा दुहेरी संसार आज पंचवीस वर्षे सुखाने चालू आहे.

हा नाद मला लागला धोबीतलावच्या रंगभवनात. १९७८ सालची पहिली 'जॅझ यात्रा' भरली ती याच उघड्या नाट्यगृहात. आणि १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळा भरू लागला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक मित्र मला डोंबिवलीहून तिथे अक्षरशः ओढून घेऊन गेला. ऑगस्टचा पाऊस, डोक्यावर छप्पर नाही, पायाखाली चिखल, आणि समोर ध्वनिक्षेपकांच्या भिंती. पहिला बँड वाजू लागला आणि मला एक साक्षात्कार झाला. बेस गिटारचा खर्ज कानांनी ऐकायचा नसतो. तो बरगड्यांनी ऐकायचा असतो! शेजारच्या अनोळखी पोराच्या खांद्यावर हात टाकून मी केव्हा नाचू लागलो, ते माझे मलाच कळले नाही. घरात मोठ्याने शिंकायचीही चोरी असलेल्या माझ्यासारख्या मुलाला हे म्हणजे दुसरे स्वातंत्र्यच होते.

आता रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट, असे पुष्कळांचे मत आहे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. फक्त एवढेच सांगतो की गोंगाटालाही घडण असते. ढोलांचा संच आणि बेस गिटार मिळून पाया घालतात, गिटार त्यावर भिंती चढवते, आणि गाणारा आपला जीव मुठीत धरून त्या घरात राहायला जातो. त्यातली खरी मौज पाहायची असेल तर मोठ्या, नावाजलेल्या बँडपेक्षा नवशिक्यांकडे पाहावे.

कोणत्याही रॉक कार्यक्रमात सर्वांत नवखा बँड सर्वांत आधी वाजवतो. तोवर ऊन उतरलेले नसते आणि निम्मे श्रोते फाटकाबाहेर वडापाव खात असतात. त्याहून मोठी अडचण आवाजाच्या जुळवणीची, ज्याला ही मंडळी 'साउंडचेक' म्हणतात. ती बहुधा उलट्या क्रमाने होते. शेवटी वाजवणारा बडा बँड दुपारी सर्वांत आधी आपली वाद्ये जुळवून घेतो, आणि उरलासुरला वेळ पहिल्या बँडच्या वाट्याला येतो. बिचाऱ्यांची गिटार ऐकू येते तर गळा ऐकू येत नाही, गळा लागला तर ढोल अंगावर येतात. पंक्तीत शेवटी बसणाऱ्याला जसे गार भाताचे ढेकूळ मिळते, तसे इथे पहिल्याला मिळते.

आणि तरीही जे काही उगवते ते तिथूनच. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. त्या काळचे श्रोते विलायती गाण्यांच्या हुबेहूब नकलेला डोक्यावर घेत. या पोरांनीही परक्यांची गाणी वाजवूनच सुरुवात केली. पण १९८८ साली स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली. १९९३ साली नाव बदलून 'इंडस क्रीड' असे घेतले. नकलेपासून स्वतःच्या गाण्यापर्यंतचा हा रस्ता दिसतो तेवढा सोपा नाही. माहीत असलेल्या गाण्याला टाळी आपोआप पडते. नवे गाणे ऐकवायचे म्हणजे आधी श्रोत्यांची शांतता मिळवावी लागते, आणि नंतर टाळी.

नव्या शतकात रंगभवन मुके झाले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र ठरले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि सवलत द्यायचीच तर वर्षातून फार तर पंधरा दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंत. रंगभवनाला महाविद्यालयाचा शेजार, आणि रुग्णालये हाकेच्या अंतरावर! तिथले रॉकचे मेळे थांबले. 'इंडिपेंडन्स रॉक' दुसऱ्या मैदानांवर हिंडला, पुढे काही वर्षे थांबला आणि २०२२ साली पुन्हा भरला.

गंमत अशी की हा नियम रॉकवाल्यांपुरता नव्हता. १९५३ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत गाणे चाले, आणि भीमसेन जोशींच्या गाण्याने त्याची सांगता होई. त्या रात्रीही घड्याळाच्या काट्याला बांधल्या गेल्या. दिवाळी पहाटेला डोलणारे माझे शेजारी आणि मी, आम्ही दोघे एकाच नियमाचे दुखावलेले आहोत, हे त्यांना ठाऊक नाही! नियमाविरुद्ध मात्र माझी तक्रार नाही. वडिलांच्या अखेरच्या आजारात मी रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसलेलो असताना खिडकीखालून एक मिरवणूक गेली. त्यांनी डोळे मिटूनच माझा हात घट्ट धरला. त्या रात्रीपासून शंभर मीटर हे अंतर मला मुळीच जास्त वाटत नाही.

पण एक मैदान गेले की दुसरे द्यावे लागते, नाहीतर नव्या पोरांनी चुकावे कुठे? तशा जागा निघाल्याही. पुण्यात २०१० साली 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला. तिथे एकाच वेळी अनेक रंगमंचांवर बँड वाजू लागले. आय.आय.टी.च्या 'मूड इंडिगो'मध्ये नव्या बँडांच्या चढाओढी गाजल्या. दिल्लीचा 'ब्लडीवूड' हा बँड २०१९ साली जर्मनीतल्या वाकेनच्या प्रचंड मेळ्यात जाऊन वाजवून आला. ढोल आणि हिंदी शब्द घेऊन! दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले' हा इंग्लिश बँड नवी मुंबईच्या मैदानात तीन रात्री वाजवून गेला, तेव्हा तिकिटांसाठी जी झुंबड उडाली ती आपण सर्वांनी पाहिली. आमच्या सोसायटीतून चौघे गेले. त्याच महिन्यात आमच्याच गावात चार पोरांचा एक बँड वाजला, त्याला सोसायटीतून कोणीही गेले नाही. प्रसिद्धाच्या दर्शनाला रांगा लागतात. होतकरूकडे कोणी वळून पाहत नाही.

मी मात्र वळून पाहतो. माझा नेम असा, की पहिला बँड चुकवायचा नाही. फाटक उघडताच आत शिरायचे, पुढे उभे राहायचे, परक्या गाण्याला एक टाळी तर स्वतःच्या गाण्याला तीन टाळ्या द्यायच्या. मित्र म्हणतात, "केवढा हा रसिकपणा!" वाचकहो, हा रसिकपणा नाही. हे प्रायश्चित्त आहे. आणि आज मुळात तेच सांगायला बसलो आहे.

मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. एका महाविद्यालयाच्या मैदानावर बँडांची चढाओढ होती. पाच बँड झाले. पाचांनीही ओळखीची इंग्रजी गाणी वाजवून वाहवा मिळवली. सहावा बँड आला. मधला मुलगा किडकिडीत, चश्मेवाला, गिटार त्याच्यापेक्षा वजनदार. तो म्हणाला, "हे आमचं स्वतःचं गाणं आहे. मराठीत आहे." आणि त्याने लोकलच्या चौथ्या सीटवर गाणे सुरू केले. तीन जणांच्या बाकावर चौथा जो अर्ध्या मांडीवर टेकतो, ना धड बसलेला ना धड उभा, त्याचे ते गाणे होते. त्याचा गळा नीट लागत नव्हता. तार उतरली होती. दोन कडवी होईपर्यंत मैदान चुळबुळ करू लागले. आणि तेव्हा एकजण मोठ्याने ओरडला, "अरे, भजनी मंडळात जा!" हशा पिकला. मग सारे मैदानच ओरडू लागले. तो मुलगा तिसरे कडवे न म्हणताच गिटार घेऊन खाली उतरला.

तो पहिला आवाज माझा होता.

मराठी घेऊन एम.ए. करणारा मी, त्या दिवशी साऱ्या मैदानात मराठीत गाणाऱ्या एकुलत्या एक मुलाला मी खाली उतरवले. बरे, एवढ्यावर थांबलोही नाही. पुढे सहा महिने कॅन्टीनमध्ये त्याच्या ध्रुवपदाची नक्कल करून मी मित्रांना हसवत होतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला त्याच्या बँडच्या कार्यक्रमाला बोलावले. तो ढोल वाजवतो. शाळेचे जुने सभागृह, पंख्यांची घरघर, आणि मोजून तेवीस श्रोते. त्यांत चहावाला धरला आहे. तिसऱ्या रांगेत आमच्या सोसायटीचे खजिनदार बसलेले! बारा वर्षे देखभालीच्या पावत्यांपलीकडे आमचे बोलणे नाही. "भाचा गिटार वाजवतो," ते जरा संकोचून म्हणाले, "म्हणून आलो." कार्यक्रम संपल्यावर आम्ही चालत घरी निघालो. पाऊस थांबला होता. त्यांनी सहज म्हणून सांगितले, "मीही एके काळी वाजवायचो. गाणी करायचो. एका कॉलेजच्या मैदानावर लोकांनी हाकलून दिलं, आणि नंतर बँकेची परीक्षा आली. गिटार काकांकडे ठेवली ती ठेवलीच."

"गाणं कशावर होतं?" मी विचारले. विचारताना माझे पाय जड झाले होते.

"लोकलवर. चौथ्या सीटवर," ते हसले. "आता काय! चाल आठवते अजून. शब्द मात्र पार गेले. कुठे लिहूनही ठेवले नाहीत."

फाटकाशी आम्ही थांबलो. त्यांनी चाल गुणगुणून दाखवली. दोनच ओळी, मग संकोचून, "बरंय, उद्या पाण्याचा टँकर यायचाय," असे म्हणत ते जिन्याकडे वळले. मी सांगणार होतो. तोंडापर्यंत आलेही होते. वर्गात पंचेचाळीस मिनिटे न अडखळता बोलणारा माणूस मी, त्या रात्री एक वाक्य बोलू शकलो नाही. त्यानंतर पावत्या घेताना चार वेळा त्यांची गाठ पडली, आणि चारही वेळा मी पाण्याच्या टाकीविषयी बोललो.

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात हा अंक येतो, आणि तो सर्वांत आधी खजिनदारच घरी नेतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून, वाचकहो, उरलेल्या चार ओळी तुमच्यासाठी नाहीत, रागावू नका.

खजिनदारसाहेब, तो आवाज माझा होता. क्षमा मागायला पंचवीस वर्षे उशीर झाला आहे. मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. सहा महिने थट्टा करता करता तुमच्या गाण्याची दोन्ही कडवी आणि ध्रुवपद मला जे पाठ झाले, ते आजतागायत पाठ आहे. एक शब्दही गळलेला नाही. तिसरे कडवे मी ऐकूनच घेतले नव्हते, ते तुम्हांला आठवावे लागेल. भाऊबीजेच्या संध्याकाळी चिवड्याचा डबा आणि एक कोरी वही घेऊन येतो. चाल तुमच्यापाशी आहे, शब्द माझ्यापाशी आहेत. काकांकडून तेवढी गिटार आणवून ठेवा.