प्रवेश मुलाचा, तारण घराचे

जून उजाडला की मुलुंडमध्ये पूर्वी दोनच प्रश्न विचारले जात. अकरावीला नंबर कुठे लागला? आणि बारावीनंतर मेडिकल की इंजिनिअरिंग? केळकर-वझे मिळाले की पूर्वेकडच्या घरात पेढे येत, मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स मिळाले की पश्चिमेकडच्या. रुईया-पोद्दारसाठी माटुंग्यापर्यंतचा पास काढावा लागला, तर मूल 'बाहेर' शिकायला गेले असे मानण्याची पद्धत होती. आता 'बाहेर' या शब्दाचा अर्थच बदलला आहे. क्लासच्या पाट्यांशेजारी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडचे झेंडे रंगवलेल्या पाट्या आल्या आहेत आणि सोसायटीच्या जिन्यात भेटणारा शेजारी विचारतो, "मग, कुठल्या देशात टाकताय?" पूर्वी हा प्रश्न पदवी झालेल्या मुलाच्या आईवडिलांना विचारला जाई. आज तो सतरा वर्षांच्या मुलाबद्दल विचारला जातो.

शिवाय आता देश सोडण्याचीही गरज उरणार नाही, असे आपल्याला सांगितले जात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्याची नियमावली जाहीर केली. १४ जून २०२५ रोजी मुंबईत पाच संस्थांना हेतुपत्रे देण्यात आली: ब्रिटनमधली एबर्डीन आणि यॉर्क, ऑस्ट्रेलियातले वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी एक नामांकित संस्था. नवी मुंबईत विमानतळाजवळ सिडकोच्या साह्याने आंतरराष्ट्रीय शिक्षणनगरी वसवण्याची ही योजना. मुलुंडकराच्या दृष्टीने पाहिले, तर ऐरोलीचा पूल ओलांडला की परदेश.

यात आनंद मानण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या मुलाने जगातले उत्तम ते शिकावे, चार देशांच्या मुलांबरोबर एका बाकावर बसावे, ही इच्छा चांगलीच आहे, आणि तिची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. पण प्रवेश मिळाल्याचा आनंद साजरा करताना एक प्रश्न आपण विचारायचा सोडून देतो. या प्रवेशाची जोखीम कोण उचलतो?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मुलुंडहून गाडीत बसले की काही स्थानकांवर कल्याण लागते. तिथे १८६५ साली जन्मलेली आनंदी जोशी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. आजच्या भाषेत बारावीनंतर थेट परदेशी गेलेली ती विद्यार्थिनी. नवरा पोस्टातला कारकून. पण तिकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईने, प्रत्यक्ष ओळख नसताना, केवळ पत्रांवरून तिला आपल्या घरात घेतले. जोखीम वाटून घेतली गेली. तरीही त्या मुलीने तिची फार मोठी किंमत मोजली. परतल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये ती गेली.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानाची नोकरी करण्याचा करार. मुदत संपल्यावर १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवल्यावर, शाहू महाराजांच्या आणि मित्राच्या मदतीने, १९२० मध्ये ते पुन्हा गेले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. पैसे परत करायचे, पण कर्ज द्यायचे ते विद्यार्थ्याची योग्यता पाहून.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. विद्यार्थ्यावर पैज लावणारे कोणीतरी घराबाहेरचे होते. संस्थान होते, उद्योगपती होता, कुणी परकी बाई होती. ती पैज हरली, तर बुडणारा पैसा त्यांचा होता.

आज सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, नाही असे नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. पण या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या अभ्यासासाठी. बारावी झालेल्या मुलाला तिथे दार नाही. आपली मुले एरवीही पदवीनंतरच अधिक जातात. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांत पदवीपूर्व अभ्यासक्रमाचे फक्त ३६,०५३, म्हणजे शेकडा अकरा. पदवीनंतर जाणाऱ्याला तिथे संशोधनाचे, अध्यापनाचे काम मिळू शकते, शुल्क माफ होऊ शकते. बारावीनंतर जाणाऱ्याची चार वर्षे बहुधा बापाच्या खिशातून जातात. आणि बापाच्या खिशात तेवढे नसते, म्हणून तो बँकेत येतो.

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे कर्जविभागात गेली. कारखानदार कर्ज मागायला येतो तेव्हा आकडे घेऊन येतो आणि आम्ही त्या आकड्यांवर शंका घेतो. बाप मुलाच्या शिक्षणासाठी येतो तेव्हा पेढे घेऊन येतो. "साहेब, ॲडमिशन झाली, व्हिसाची तारीखही मिळाली. आता फक्त तुमची सही राहिली." त्याच्या पिशवीत सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट असते, फ्लॅटचा मूळ करारनामा असतो, आणि सोबत गप्प बसलेली बायको असते, कारण फ्लॅट दोघांच्या नावावर असतो. मुलगा बहुधा आलेलाच नसतो. मुख्य कर्जदार तोच, पण सही करण्यापुरता दुसऱ्या दिवशी येतो.

इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. चार लाखांपर्यंत तारण नको, साडेसात लाखांच्या पुढे मात्र तारण हवे, आणि परदेशी शिक्षणासाठी खर्चातला १५ टक्के वाटा कुटुंबाने स्वतः घालायचा, हा तिचा सांगाडा. निवडक नामवंत विद्यापीठांसाठी काही बँका विनातारणही मोठी रक्कम देतात. पण जाणारी बहुसंख्य मुले त्या यादीतल्या विद्यापीठांत जात नाहीत.

आता साधा हिशेब मांडू. समजा, ४० लाखांचे कर्ज दर वर्षी १० लाख याप्रमाणे चार वर्षे उचलले. व्याज १० टक्के, तेही सरळव्याज. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, ही सवलत. सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पहिल्या १० लाखांवर पाच वर्षांचे ५ लाख, दुसऱ्या हप्त्यावर ४, तिसऱ्यावर ३, चौथ्यावर २. हप्ता सुरू होतो तेव्हा ४० लाखांचे ५४ लाख झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याला सुमारे ७१ हजार. प्रवेशाच्या वेळी बाप ४८ वर्षांचा असेल, तर पहिल्या हप्त्याला ५३ आणि शेवटच्या हप्त्याला ६३ वर्षांचा. पेन्शन असलीच तर त्याआधी सुरू झालेली असते.

या हिशेबात रुपया स्थिर धरला आहे, आणि तो स्थिर नसतो. २०१४ च्या सुमारास डॉलर ६० रुपयांच्या घरात होता. २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. परक्या देशाची धोरणेही स्थिर नसतात. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी-परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा मधल्या टप्प्यावर असलेल्या घरांना विचारायला कुणी आले नव्हते. मुलुंड पूर्वेतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. गहाण पडलेल्या फ्लॅटच्या मालकाला तिथेही आधी बँकेची परवानगी लागते. म्हणजे परक्या देशातला एक निर्णय थेट आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचतो.

एवढी जोखीम उचलणाऱ्या माणसाला सल्ला कोण देतो? झेंड्यांच्या पाटीखाली बसलेला सल्लागार. त्याचा सल्ला पुष्कळदा फुकट असतो, कारण ब्रिटन-ऑस्ट्रेलियातली अनेक विद्यापीठे प्रत्येक प्रवेशामागे त्याला कमिशन देतात. यात बेकायदा काही नाही. विमा-एजंटही असाच जगतो. मात्र विमा-एजंटाला आपण एजंट म्हणतो, आणि याला 'सर' म्हणतो. जे विद्यापीठ त्याला काही देत नाही, त्याचे नाव तो आपण होऊन कशाला घेईल? जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. आपल्या बारावीवर तिथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचे एक वर्ष पूर्ण करावे लागते किंवा तिथला वर्षभराचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, आणि पदवीच्या पातळीवर जर्मन भाषा यावी लागते. हा मार्ग कष्टाचा आहे, पण घर गहाण टाकणाऱ्याच्या कानावर तो निदान एकदा पडायला हवा.

अमेरिकेचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी मुलाची निवड करताना त्याला आर्थिक मदत हवी आहे का, हे पाहत नाहीत, आणि निवडला तर गरजेइतकी मदत देतात. बाकीच्या बहुतेक ठिकाणी 'मला मदत हवी' असे लिहिले की ते अर्जाच्या विरोधात जाऊ शकते. बँकवाल्याला ही भाषा ओळखीची आहे. अर्जदाराची पत पाहून केलेला हा व्यवहार आहे. विद्यापीठांनाही पोट आहे, हे मान्य. पण मग मुलाला मिळालेले पत्र गुणवत्तेचे प्रमाणपत्र किती आणि ग्राहकाचे स्वागत किती, हे आपण तपासायला नको का?

या अर्जांत मुलाला स्वतःविषयी निबंध लिहावा लागतो. अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या सामायिक अर्जात त्याची मर्यादा ६५० शब्दांची आहे. कादंबऱ्या लिहिण्यात आयुष्याची काही वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला या निबंधाचे कुतूहल वाटते आणि भीतीही वाटते. सतराव्या वर्षी आयुष्याचा अर्थ सांगायचा, तोही विकला जाईल अशा बेताने! मग तो निबंध सल्लागार लिहून देतो, दोन महिन्यांची समाजसेवा प्रमाणपत्रासह उभी राहते. याच अर्जात कामांची यादी द्यायची असते आणि तीत 'घरची जबाबदारी' असाही एक प्रकार आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजीचे करणारी मुलगी, वडिलांच्या दुकानात संध्याकाळी बसणारा मुलगा यांना तिथे लिहिण्यासारखे खरे काही असते. ते लिहायचे असते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आता पुलापलीकडच्या शिक्षणनगरीकडे वळू. नियमावलीनुसार प्रवेशाचे निकष परदेशी विद्यापीठ स्वतः ठरवणार, शुल्कही तेच ठरवणार. ते 'पारदर्शक आणि वाजवी' असावे एवढीच अपेक्षा आहे. आरक्षणाचे बंधन नाही. शिष्यवृत्ती देता येईल, पण दिलीच पाहिजे असे नाही. केंद्राची २०२४ मधली पीएम-विद्यालक्ष्मी योजना विनातारण, विनाजामीन कर्ज देते, पण ती देशातल्या मानांकित संस्थांच्या यादीपुरती. काल उघडलेल्या परदेशी शाखेला तसले मानांकन कुठून असणार? म्हणजे विमानाचे तिकीट वाचेल, राहण्याचा खर्च वाचेल, आणि तारणाचा कागद मात्र जागच्या जागी राहील.

इथे सरकारला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, कारण नवी मुंबई सार्वजनिक पैशातून आणि शेतकऱ्यांच्या जमिनीतून उभी राहिली आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. त्या आगरी-कोळी कुटुंबांची नातवंडे आज बारावीत आहेत. त्यांच्या गावात यॉर्क येणार असेल, तर त्यांच्यासाठी तिथे किती जागा आहेत? हेतुपत्राचे अंतिम करारात रूपांतर करताना ठरावीक जागा पूर्ण शिष्यवृत्तीच्या असाव्यात, शुल्काची संपूर्ण वर्षांची रक्कम आधी जाहीर व्हावी, मधेच सोडावे लागले तर परताव्याचा नियम लेखी असावा, या अटी घालणे अवघड नाही. मोक्याच्या जागी सोयी उभारून देणाऱ्याला अटी घालता येतात. कर्जमंजुरीच्या पत्रात आम्ही याहून जास्त अटी घालत होतो.

मुलुंडने स्वतः असे एक उदाहरण घालून दिले आहे. सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातल्या केळकर कुटुंबाच्या पुढाकाराने १९८४ मध्ये पूर्वेला वझे महाविद्यालय उभे राहिले. त्यातून शिकून जगभर गेलेली मुले आज याच उपनगराच्या घरोघरी आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी पदवी इथे घेतली, पाया इथे घातला आणि मग बाहेरची वाट धरली. ही वाट अजूनही उघडी आहे, आणि तिच्यावर चालण्यात कमीपणा नाही.

ज्यांना बारावीनंतरच जायचे आहे, त्यांनी जरूर जावे. फक्त सही करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी, मुलासकट, एकत्र बसावे. चार वर्षांचा एकूण खर्च रुपयांत किती, आणि रुपया आणखी घसरला तर किती? मंजुरीला मदत करणाऱ्या सल्लागाराला पैसे कोण देतो? तिथे नोकरी मिळाली नाही आणि मुलगा परत आला, तर इथल्या पगारात हप्ता निघेल का? आणि हा विषय तिथेच शिकायला हवा, हे मुलाला स्वतःला वाटते की शेजाऱ्याच्या मुलामुळे आपल्याला वाटते? ही उत्तरे कागदावर उतरवावीत आणि तो कागद मुलाच्या हाती द्यावा. अठरा वर्षांच्या मुलाला जगाच्या पाठीवर एकटे पाठवणार असू, तर आपल्या घराचे कर्ज किती आहे, हे त्याला कळले पाहिजे.