पिशवी आणि हिस्टेरा

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलींना मी एक युक्ती बरीच वर्षं सांगत आले : शब्द पाठ करू नका, त्याचं मूळ धरा. इंग्रजीतले जड शब्द बहुतेक ग्रीक नाहीतर लॅटिनमधून आलेले असतात. एक मूळ कळलं की दहा शब्द उलगडतात. 'हायजीन' कुठून आला? हायजिया या ग्रीकांच्या आरोग्यदेवतेवरून. 'पॅनिक'? रानात माणसाला घाबरवणाऱ्या पॅन देवावरून. मुली हसतात, वहीत लिहून घेतात, तास मजेत जातो. खरं सांगायचं तर मलाही त्यात करमणुकीपलीकडे काही दिसत नव्हतं.

गेल्या हंगामात आमच्या गटातल्या चौघी जणी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर गेलो होतो. दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोप्यांत राहतात. बायांशी आरोग्यावर बोलायचं, पाळीच्या तक्रारी विचारायच्या, असं ठरवून गेलो होतो. बोलणं संपत आलं तेव्हा एकीने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. म्हणाली, "ताई, ह्यात काय लिव्हलंय ते सांगा. पिशवी काढली तवापासून अंगाची नुसती आग होती. झोप न्हाई, हाडं दुखत्यात. पिशवीच काढली ना? मग असं का होतंय?"

कागदावर तारीख, तिचं चुकीचं लिहिलेलं नाव, वय २८, आणि खाली फक्त सहा अक्षरं : 'टी. ए. एच. – बी. एस. ओ.' वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या मला ती वाचता आली नाहीत. तिच्या परवानगीने अक्षरं उतरवून घेतली आणि घरी येऊन एका डॉक्टर मैत्रिणीला फोन केला. तिने पूर्ण शब्द सांगितले : टोटल अ‍ॅब्डॉमिनल हिस्टेरेक्टॉमी, बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी.

मग शब्दकोश काढला. 'हिस्टेरा' म्हणजे ग्रीकमध्ये गर्भाशय. 'एक्टोमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. 'साल्पिंक्स' म्हणजे तुतारी. गर्भनलिकेच्या आकारावरून तिला ते नाव पडलं. 'ऊफोरॉन' म्हणजे अंडं धारण करणारं, म्हणजे अंडाशय. 'बायलॅटरल', दोन्ही बाजूंचं. म्हणजे या बाईचं गर्भाशय, दोन्ही नलिका आणि दोन्ही अंडाशयं, सगळं काढलेलं होतं. तिला सांगताना मात्र 'पिशवी' एवढाच शब्द वापरला होता. अंडाशयं काढली की पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी अंगावर येऊन आदळतं. आग होणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होत जाणं हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच कागदावर होतं. ते ती दोन हंगाम जपून बरोबर नेत होती.

मैत्रिणींनो, ही एकटीची गोष्ट नाही हे तुम्हाला माहीत आहेच. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे सहाजणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशभराचं प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. कारणं आपण अनेकदा मांडली आहेत : खाडा झाला तर दंड, फडात संडास नाही, पाण्याचा तुटवडा, अंगावरून पांढरं जाणं आणि "ठेवलीत तर कॅन्सर होईल" अशी घातलेली भीती. काहींनी ऑपरेशनसाठी मुकादमाकडूनच उचल घेतली. ती फेडायला पुन्हा कोयता हातात.

पण आपण शब्दाकडे पाहिलं नाही. मीही नाही. 'पिशवी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की शिबिरात आपणही तोच वापरतो, बायांना समजावा म्हणून. पण पिशवी म्हणजे काय? बाजाराला जाताना लागते ती. भरायची, रिकामी करायची, फाटली की टाकून द्यायची. दोन-तीन मुलं झाली, आता तिचं काय काम? हा हिशोब त्या शब्दातच बसलेला आहे. डॉक्टरला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. ग्रीक शब्दाने बाईला काहीच कळत नाही, आणि मराठी शब्दाने जे कळतं ते शरीराचा एक अवयव स्वस्त करून टाकतं. दोन्हींच्या मध्ये ती सही करते. सही कुठली, अंगठा.

'हिस्टेरा'वरूनच दुसरा एक शब्द आला : हिस्टेरिया. हा तर मराठी घरांतही शिरला आहे. ग्रीकांमध्ये अशी समजूत होती की गर्भाशय बाईच्या अंगात जनावरासारखं भटकतं आणि त्यामुळे तिचा श्वास कोंडतो, ती आजारी पडते. प्लेटोनेही ती लिहून ठेवली आहे. त्यावरचा उपाय? लग्न आणि बाळंतपण. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि हसले, कारण "लग्न करून द्या, आपोआप ठिकाणावर येईल" हे वाक्य मी आमच्या केंद्रात गेल्या महिन्यातच एका वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांनी काही प्लेटो वाचलेला नव्हता. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या आजारांच्या यादीतून हिस्टेरिया हा स्वतंत्र आजार म्हणून काढून टाकला. आपल्याकडे भांडणात आवाज चढलेल्या सुनेला तो अजूनही चिकटवला जातो.

एकदा शोधायला लागल्यावर थांबवेना. 'व्हजायना' म्हणजे लॅटिनमध्ये म्यान. तलवार कोणाची ते सांगायला नको. 'व्हिनीरियल', म्हणजे गुप्तरोगाचं विशेषण, व्हीनस या प्रेमदेवतेवरून आलेलं. रोग घरी आणतो तो बहुधा नवरा, नाव मात्र देवीचं. बाईच्या बाह्य जननेंद्रियाला शतकानुशतकं 'प्युडेंडम' म्हणत आले. त्याचा अर्थ, ज्याची लाज वाटावी ते. शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतून तो शब्द २०१९ मध्ये वगळला. पण आपण तरी काय म्हणतो? 'अवघड जागेचं दुखणं'. संस्कृतात 'योनी' म्हणजे उगमस्थान, किती नेमका शब्द! तो आपण शिवी म्हणून तेवढा शिल्लक ठेवला. 'मासिक' आणि लॅटिनचं 'मेन्सिस' हे एकाच मुळाचे, दोन्हींचा अर्थ महिना, साधा सरळ. पण तो शब्दही तोंडातून निघत नाही, 'कावळा शिवला' म्हणायचं.

कोणी म्हणेल, शब्दांत काय आहे, प्रश्न पोटाचा आहे. पोटाचा आहेच. मजुरी, दंड आणि पाणी यांवर लढल्याशिवाय हे थांबणार नाही. पण १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा स्त्री संघटनांनी जो आवाज उठवला त्याचा गाभा हाच होता, की बाईच्या शरीरातून काय काढायचं हे तिच्यावाचून कोण ठरवतं? २००८ साली दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि सज्ञान बाई भुलीखाली असताना आईने दिलेली संमतीही तिची होत नाही. संमती द्यायची तर काय होणार, त्याचे परिणाम काय आणि दुसरे उपाय कोणते हे आधी कळायला हवं. 'टी. ए. एच. – बी. एस. ओ.' यातून काय कळणार? आणि गंमत पाहा, मूल न होण्याची शक्यता असलेल्या ऑपरेशनला नवरा-बायको दोघांची संमती घ्यावी असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलेलं आहे. तेवढा नियम मात्र सगळे दवाखाने चोख पाळतात.

यावर उपाय म्हणून जड संस्कृत नको. 'गर्भाशय-उच्छेदन' लिहून फॉर्म मराठी होईल, पण बाईला कळणार नाही. (आपणही काही कमी नाही. शिबिरात 'पितृसत्ता' आणि 'सक्षमीकरण' ऐकून बाया एकमेकींकडे बघतात.) चित्र काढावं, अवयवांवर बोट ठेवून सांगावं : हे गर्भाशय, इथे मूल वाढतं, ही दोन अंडाशयं, ही हाडांना आणि काळजालाही लागतात. गर्भाशय काढायचंच असेल तर अंडाशयं ठेवणार का, हा एक प्रश्न प्रत्येकीला विचारता आला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात मी तळावर परत गेले. तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कागद उलटा करून म्हणाली, "ह्या अंगाला मराठीत लिवा. मोठ्या अक्षरात. पोरगी चौथीत हाय, तिला वाचाय यावं." मी लिहून दिलं. पाच ओळी झाल्या.

आमच्या गटाने आता कोल्हापूर, शिरोळ आणि कागल भागातल्या दवाखान्यांचे कोरे संमतीपत्रक मागायला सुरुवात केली आहे. काही देतात, काही "कशाला पाहिजे?" विचारतात. तुमच्या गावातलंही एक मागून घ्या आणि संपादक मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. नाही दिलं, तर काय उत्तर मिळालं ते लिहून पाठवा.