विदर्भ आमचा, मैदान कुणाचं?

मी विदर्भाचा आहे. नकाशातल्या नव्हे, नकाशावर विदर्भ नावाचं राज्यच नाही. मी रणजीतल्या विदर्भाचा. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या गँगमध्ये माल उचलतो, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर स्कोअर बघतो, आणि गँगमधली शिवडी-लालबागची पोरं मला नावानं हाक न मारता 'ए जामठा' म्हणतात. जन्म अकोल्याचा, मोर्णेच्या काठचा. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. आज कविता नाही. आज माझ्याच टीमशी भांडण आहे आणि ते मी चारचौघांत काढणार आहे. घरातलं भांडण घरात ठेवा असं सांगणारा बहुतेक वेळा घराचा मालक असतो.

आधी सुखाचं सांगतो. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षं आम्ही दुसऱ्यांना गुण वाटत फिरलो. आणि मग एकदा इंदूरला दिल्लीला नऊ विकेटनी झोपवलं. फैज फजल कप्तान, रजनीश गुरबानीची थेट फायनलमध्ये हॅटट्रिक, शेवटाला वसीम जाफरचे चौकार. च्यायला, काय दिवस होता! पण तारीख आठवा दोस्तहो. १ जानेवारी २०१८.

त्याच दिवशी भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून लेकराबाळांसकट लोक गेले होते. मी तेव्हा शाळकरी पोरगा. एकाच मोबाईलवर, एकाच दिवशी, वर विदर्भाचा करंडक आणि खाली जळालेल्या गाड्या. वस्तीत कुणाला कळेना नाचायचं की रस्त्यावर उतरायचं. उतरलो. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. टीमचा यात काही दोष नव्हता, ती पोरं इंदूरला घाम गाळत होती. पण "आपण विदर्भाचे" म्हणतात त्यातला हा 'आपण' कोण, हा प्रश्न त्या दिवशी डोक्यात घुसला तो अजून निघालेला नाही.

तेव्हापासून पुष्कळ जिंकलो. २०१९ ला सौराष्ट्राला नागपुरात हरवून दुसरा करंडक. मार्च २०२४ ला फायनल मुंबईशी, वानखेडेवर. रात्रपाळी करून गेलो होतो, डोळे चुरचुरत होते. समोर ५३८ चा डोंगर. अक्षय वाडकरनं शतक ठोकलं, हर्ष दुबे त्याच्यासोबत खिंड लढवत राहिला, ३६८ वर संपलो. १६९ नं हरलो. त्या हरण्याचं मला अजिबात दुःख नाही, असं हरणं अंगाला लागतं. मग मार्च २०२५ ला केरळशी सामना अनिर्णित, पहिल्या डावात ३७ धावा जास्त म्हणून तिसरा करंडक, दानिश मालेवारचे १५३. ऑक्टोबर २०२५ ला इराणी करंडक, त्यात आमच्या अकोल्याच्या अथर्व तायडेचे १४३. त्या दिवशी मी गँगला चहा पाजला. दिवसाचे सातशे मिळतात त्यातून.

आमचा मुकादम म्हणतो, "एवढं जिंकता, मग रडतोस कशाला?"

रडत नाही. हिशोब मागतो.

करंडक आला त्या वर्षांत कोच चंद्रकांत पंडित, मुंबईचे. जाफर मुंबईचा. नंतर करुण नायर कर्नाटकातून आला, धावांचा पाऊस पाडून करंडक दिला आणि परत कर्नाटकात गेला. माणसं बाहेरून येण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः मुंबईत बाहेरून आलेला आहे, मला कुणी हाकललं तर कसं वाटेल? प्रश्न जाणाऱ्यांचा आहे. आदित्य सरवटे, ज्यानं २०१९ च्या फायनलमध्ये अकरा विकेट काढल्या, तो २०२५ च्या फायनलमध्ये केरळच्या बाजूनं आमच्याविरुद्ध खेळला आणि ७९ धावा करून गेला. अमरावतीचा जितेश शर्मा. मे २०२५ मध्ये बंगळूरच्या टीमची कप्तानी करताना ३३ चेंडूंत ८५ मारून सगळ्या देशाला नाव पाठ करायला लावलं त्यानं. तोही विदर्भ सोडून बडोद्याला गेला. का गेले, त्यांचं त्यांना ठाऊक, व्यावसायिक खेळाडूला तो हक्क आहे. पण वऱ्हाडातला प्रेक्षक म्हणून मला एवढं दिसतं की आमच्याकडचं निघून जातं आणि बाहेरचं येतं. कापसासारखं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क उठवलं आणि डिसेंबरअखेरपर्यंत उठवलेलंच ठेवलं, नेमकं आमचं बोंड फुटायच्या हंगामात. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. माझ्या गोदीला लागून कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. आमच्याकडच्या गाठी इथं येऊन मँचेस्टरला जायच्या म्हणून हे नाव उरलं. गाठी गेल्या, नाव राहिलं, आणि गाठी पिकवणाऱ्याचा नातू तिथं उतरून पाळीवर जातो.

आता विदर्भ म्हणजे कोण ते बघू. २०१९ ची फायनल जामठ्याला, २०२५ ची जामठ्याला, इराणी जामठ्याला. जामठा म्हणजे नागपूरच्याही बाहेर, वर्धा रोडवर. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. आमची माणसं नागपूरला जातात ती दीक्षाभूमीला. जातात, डोकं टेकवतात, पुस्तकं घेतात, परत येतात. त्यांच्या वाटेत जामठा लागत नाही. नागपूरचे शशांक मनोहर २०१६ ते २०२० जागतिक क्रिकेटच्या संघटनेचे प्रमुख होते. म्हणजे जगाचं क्रिकेट नागपूरच्या माणसाच्या हाती होतं. त्या चार वर्षांत मोर्णेकाठी काय बदललं ते मी त्या काठावर राहून पाहिलंय. काही नाही.

आणि हे फक्त क्रिकेटचं नाही. १९४७ ला अकोला करार झाला, संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भाला वेगळा पोटप्रांत देण्याचा शब्द दिला गेला. १९५३ ला नागपूर करार. त्यातून दरवर्षी नागपूरला विधिमंडळाचं एक अधिवेशन मिळालं, हुरड्याच्या मोसमात. १९५५ ला फाजलअली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा असं लिहिलं. त्याच साली बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात मराठी माणसांची चार राज्यं सुचवली, त्यात एक पूर्वेकडचं, आपलं. शिवाय भाषिक राज्यात एखादी मोठी जात बाकीच्यांच्या छातीवर बसते हा धोकाही त्याच पुस्तकात सांगून ठेवला. तो भाग वेगळ्या विदर्भाची भाषणं ठोकणारे कधी वाचत नाहीत. १९९७ ला भाजपनं भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. २०१४ ला नागपूरचाच मुख्यमंत्री झाला, २०२४ ला पुन्हा झाला. ठराव कुठे आहे? काँग्रेसवाल्यांनी तर इतकी वर्षं सत्ता भोगून ठरावाचाही त्रास घेतला नाही.

राज्य मिळालं ते एकट्या क्रिकेटला. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं लोढा समितीचं ऐकून 'एक राज्य, एक मत' केलं, म्हणजे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिघांनी पाळीपाळीनं मत टाकायचं. काय धावाधाव झाली! २०१८ ला कोर्टानंच ते बदललं, तिघांनाही पुन्हा पूर्ण मत. विदर्भाच्या मतासाठी एवढे मोठे वकील उभे राहू शकतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता माझ्या घरातलं. माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा, लेगस्पिन टाकतो. टेनिस बॉलवर वळवतो, चौदा एप्रिलच्या टूर्नामेंटमध्ये मोठ्या मोठ्या पोरांना चकवतो. त्याला मी एका क्लबात घातलं. नाव घेत नाही, तसे दहा असतील. पहिला प्रश्न काय विचारला असेल? बॉल कोणता टाकतोस, हा नाही. "आडनाव काय?" सांगितलं. मग फी सांगितली, पांढरे कपडे सांगितले, बूट सांगितले. मी दोन महिने ओव्हरटाइम करून पाठवले. सहा आठवड्यांनी फोनवर म्हणतो, "दादा, मले बॉल टाकूच देत नाही. निस्ता आणून द्याले लावते." सीमारेषेवर उभं करायचं, दुसऱ्यांनी मारलेले बॉल उचलून आणायचे. माय म्हणते, "काहून जातं रे तिथं? त्यायचं ग्राउंड हाये ते." माय शाळेत गेली नाही, पण तिला सातबारा वाचता येतो.

तुम्ही म्हणाल पोराला दम नसेल. असेलही. पण टाकू तर द्या! बाद कुणाला करायचं ते नंतर, आधी हातात बॉल.

हे शंभर वर्षांपूर्वीही असंच होतं. पळवणकर बाळू, चांभाराचं पोर, पुण्याच्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टी झाडायचा, जाळं लावायचा. साहेबांना सराव हवा म्हणून त्याला बॉल टाकू दिला. मग हिंदूंच्या क्लबला साहेबांना हरवायचं होतं म्हणून बाळू चालला. मैदानात त्यानं टाकलेला बॉल सगळे झेलायचे, चहाला मात्र त्याला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या. तरी हिंदूंची कप्तानी त्याला कधी दिली नाही. १९२३ ला त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला, तोही आधी भावांनी टीमबाहेर राहून निषेध केला तेव्हा. आणि पुढचं जास्त कडू आहे. १९३२ च्या पुणे करारावर बाळूची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध कुणाला उभं केलं? बाळूला. आपल्या लोकांनी बाबासाहेबांनाच निवडून दिलं, पण चाल बघा. ज्याला चहाचा कप दिला नाही त्याला तिकीट दिलं. आजही आपल्या राखीव जागांवर उमेदवार निवडताना हीच चाल चालते. अमरावतीची लोकसभा राखीव आहे. तिथल्या मागच्या खासदाराच्या जातीच्या दाखल्याचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, एप्रिल २०२४ ला कोर्टानं दाखला कायम केला. कोर्टाचं कोर्टाला. पण पाच वर्षं चर्चा दाखल्याची झाली, राखीव जागेतून आपल्या वस्तीला काय मिळालं याची नाही.

कुणी म्हणेल, उमेश यादव कसा आला मग? कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, पोलिसात भरती व्हायला गेलेला, उशिरा चामड्याचा बॉल हातात धरलेला. २०११ ला विदर्भाचा पहिला कसोटी खेळाडू झाला. मला तो जीव की प्राण आहे. पण टीम सुरू झाल्यापासून चौपन्न वर्षं लागली एक कसोटी खेळाडू द्यायला, आणि जो आला तो फाटकावरून उडी मारून आला. त्याची उडी दाखवून फाटक उघडं आहे असं सांगू नका.

दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मोजायला सुरुवात केली. २०१६ ला त्यांच्या बोर्डानं ठरवलं की वर्षाच्या सरासरीत टीममध्ये किमान सहा गोरे नसलेले आणि त्यात दोन काळे आफ्रिकन हवेत. केवढी बोंब झाली, दर्जा बुडाला म्हणून! टेम्बा बावुमा, केपटाऊनच्या लांगा वस्तीतला, त्याला कोट्यातला म्हणून हिणवलं. जून २०२५ ला त्याच बावुमानं लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद नेलं आणि नोव्हेंबरात इथं येऊन आपल्याला दोन-शून्य धुतलं. आपल्या पँथरचं नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून आलं, मग मैदान आफ्रिकेतल्या काळ्यांकडून का घेऊ नये? एप्रिल २०२५ ला सरकारनं जाहीर केलं, येत्या जनगणनेत जात मोजणार. ठीक. मग क्रिकेट बोर्डाचा माणूसही वही घेऊन बसेल का? निवडचाचणीला कोण आलं, कुणाला किती षटकं दिली, कोण गळलं? रणजी खेळणाऱ्याला दिवसाला चाळीस ते साठ हजार देतात. गळलेल्यानं काय गमावलं याचा आकडा तिथंच आहे.

सप्टेंबर २०२५ ला दुबईत आशिया करंडक झाला. पाकिस्तानशी तीनदा खेळलो, तीनदा जिंकलो, हात एकदाही मिळवला नाही, करंडकही त्यांच्या माणसाच्या हातून घेतला नाही. आमचा जितेश त्या टीममध्ये होता. गोदीत सगळे शिट्ट्या मारत होते. पहलगामला मेलेल्या माणसांचं दुःख मलाही आहे. पण सामना खेळायचा, टीव्हीचे पैसे घ्यायचे आणि हात तेवढा लावायचा नाही, ही कुठली देशभक्ती? हात न लावणं म्हणजे काय ते आमच्या आज्याला विचारा.

१९२७ साली अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. आज मला देवळात जायचं नाही. मला माझ्या भावाला नेटमध्ये बावीस यार्डांवर उभं करायचंय.

तर अकोला-अमरावतीच्या दोस्तांनो, एक काम करा. तुमच्या शहरात चामड्याच्या बॉलची मैदानं किती, कुणाच्या ताब्यात, महिन्याची फी किती, निवडचाचणीची तारीख कुठल्या भिंतीवर लागते आणि आपल्या वस्तीत ती कधी कळते, एवढं लिहून काढा. मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, कार्डावर चालेल. पुढच्या रणजीच्या आधी आपण ती यादी घेऊन नागपूरला जाऊ. मी चार दिवसांची पाळी बुडवायला तयार आहे. मोर्णेकाठची यादी माझा भाऊ करतोय, त्याला वही पाठवली आहे.