चतकोरांचा हिशेब

दूध लिटरात मोजावं, कापड मीटरात मोजावं आणि विद्वत्ता डझनात मोजावी, असा नियम अलीकडे रूढ झाला आहे. पहिल्या दोहोंना माझी हरकत नाही. तिसऱ्याला आहे, आणि ती मी आण्याच्या पारावर साक्षीदारांसमक्ष नोंदवलेली आहे.

आमचा पुतण्या संकेत-प्रक्रिया आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांत संशोधन करतो. म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर म्हणाला, "तात्या, गोंगाटातून कामाचा आवाज वेगळा काढायचा."

"मग तुझी काकू तीस वर्षं तेच करतेय, माझ्या बोलण्यातून," मी म्हटलं.

तो हसला नाही. बढतीला तीन पेपर कमी पडत होते.

त्यानं यादी दाखवली. एकूण ४१ पेपर! मास्तरकीची खोड जात नाही. मी शीर्षकं वाचत गेलो. निम्म्याअधिक शीर्षकांचे पहिले पाच शब्द तेच. एका भाकरीचे चार चतकोर करून 'चार भाकरी खाल्ल्या' म्हणून सांगण्यातलाच हा प्रकार. उल्लेखांचं म्हणाल, तर ती आहेराची वही! तू माझ्या लेखाला दोन घाल, मी तुझ्या लेखाला दोन घालतो. अमेरिकेतल्या हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली एक निर्देशांक काढला: दहा लेखांचे प्रत्येकी किमान दहा उल्लेख झाले, तर तुमचा आकडा दहा. त्यानं दिली फूटपट्टी. लोकांनी तिची शिडी केली. फूटपट्टीवर चढायला लागलं की ती मोडते, हे गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९७५ सालीच वेगळ्या शब्दांत सांगून ठेवलं होतं.

आता आमच्याच जुन्नर तालुक्यातलं बघा. खोडद आणि भोवतालच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाला कान लावून उभ्या आहेत. प्रत्येकीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून बघायचा, म्हणजे ४३५ जोड्या झाल्या. हा डोंगराएवढा हिशेब आवाक्यात येतो तो फूरिये रूपांतर झटपट करण्याच्या युक्तीमुळं. कूली आणि ट्युकी यांनी ती १९६५ साली ज्या लेखात मांडली, तो लेख पाच पानांचा आहे. पाच! आमच्या पुतण्याच्या लेखांत संदर्भांचीच तेवढी पानं असतात. गोविंद स्वरूप यांच्या मनात ही दुर्बीण आली १९८०च्या दशकात, आणि ती देशाला अर्पण झाली २००१ साली. मधल्या काळात दर मार्चअखेर 'यंदा किती छापले?' एवढंच विचारलं गेलं असतं, तर आज तिथं बाजरीच दिसली असती.

उलट २०२५ साली न्युरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एकाच परिषदेकडे वीस हजारांवर लेख आले. एवढे लेख वाचणार कोण?

तुम्ही म्हणाल, आकडे नकोत तर वशिला येईल. खरंच येईल. पण वशिल्यावरचा उपाय मोजणं नव्हे, वाचणं. उमेदवाराला त्याचे उत्तम तीन लेख मागा, आणि निवड समितीतल्या विद्वानांनी ते खरोखर वाचावेत. अवघड आहे, पण पगार त्याचाच असतो. विद्यापीठ अनुदान आयोगानंसुद्धा पीएच.डी.च्या प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती २०२२ साली काढून टाकली. आमच्याकडे रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. भाकऱ्या घरोघरच्या येतात. कोणाच्या घरून किती आल्या याचा तक्ता मी तरी कधी पाहिला नाही. माणसं जेवून उठली की नाही, एवढंच बघतात.

हे सगळं मी विनोदानं लिहितोय खरं, पण एक गोष्ट घशात अडकते. पुतण्याच्या वहीत एक जुनं टिपण आहे. तालुक्यात बिबट्यांचा वावर. रात्रीच्या पाळीला उसात पाणी धरणारा माणूस जीव मुठीत धरून जातो. रानातल्या आवाजांतून बिबट्याची चाहूल ओळखून त्या माणसाला आधी सावध करता येईल का, असं त्याला बघायचं होतं. मी विचारलं, "मग का नाही करत?"

"तात्या, पाच वर्षं रानात काढावी लागतील. आणि पेपर होईल एक."

म्हणून त्यानं बेचाळिसावा लिहायला घेतलाय. पहिले पाच शब्द तेच आहेत.