कॅमेरा कुणाचा, गोष्ट कुणाची?

1999 सालचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' सुरू होतो तो एका सूचनेनं : ऑक्टोबर 1994 मध्ये मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात तीन विद्यार्थी बेपत्ता झाले आणि वर्षभरानं त्यांचं चित्रीकरण सापडलं. कॅमेरा त्या तिघांच्या हातात आहे, म्हणून गोष्ट तेच सांगतात असं प्रेक्षक धरून चालतो.

पण पडद्यावर रंगीत व्हिडिओ आणि कृष्णधवल फिल्म एकमेकांत बेमालूम जोडलेली दिसते. ही जोडणी कुणी केली? मेलेली माणसं संकलन करत नाहीत. काय ठेवायचं, कुठं कापायचं, हे ठरवणारा तिऱ्हाईत चित्रपटभर हजर असतो आणि एकदाही समोर येत नाही. खरी भीती या अदृश्य माणसाची वाटायला हवी.

रुग्गेरो देओदातोच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'नं (1980) हा निवेदक लपवला नव्हता. तिथं प्राध्यापक मन्रो सापडलेली रिळं पाहतात आणि ती प्रसारित करू नयेत असं बजावतात. दाखवायचं की नाही, हा प्रश्नच तिथं कथेचा भाग होतो. त्या चित्रपटातली प्राण्यांची खरीखुरी हत्या मात्र अक्षम्यच.

गोष्ट कुणाची, हा प्रश्न पडद्याबाहेरही उरतो. 'ब्लेअर विच'च्या हीदर डोनाह्यू, जोशुआ लिओनार्ड आणि मायकेल विल्यम्स या कलाकारांनी बरंचसं चित्रीकरण स्वतः केलं, संवादही जागीच रचले. चित्रपटानं जगभर प्रचंड कमाई केली. 2024 मध्ये याच तिघांनी आपल्या कामाच्या योग्य मोबदल्याची जाहीर मागणी केली. ती रास्तच आहे.