चुकण्याची जागा : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचे कामगार आणि आभासी वास्तव

१/१४
अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे लिंक कुटुंबाचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. तेथील भाते आणि हवेचे पंप वापरून एडविन लिंक या तरुणाने १९२९ मध्ये एक खोटे विमान तयार केले. ते जमीन सोडत नसे. पण आत बसलेल्याने दांडा हलवला की ते झुके, वळे, डोलू लागे. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे.

२/१४
१९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढगांत आणि धुक्यात केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव वैमानिकांना नव्हता. काही आठवड्यांतच अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. सरावाचे साधन पाच वर्षांपासून उपलब्ध होते. ते घेण्याची निकड मात्र मृत्यूंनंतर भासली.

३/१४
आज ज्याला आभासी वास्तव म्हणतात, त्याचा हा पूर्वज. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड याने डोक्यावर चढवायचा पडदा तयार केला. ते उपकरण इतके जड होते की त्याला छतापासून आधार द्यावा लागे. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्दप्रयोग १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर याने रूढ केला. आता मोटारी आणि विमाने बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या लोखंड कापण्यापूर्वी संपूर्ण आराखडा या पडद्यावर तपासतात. कामगाराचा हात बोल्टपर्यंत पोहोचेल का, त्याला किती वाकावे लागेल, हे आधीच कळते.

४/१४
हा बदल ठाणे जिल्ह्यातील ज्या पट्ट्यात जोखून पाहावा, तो कल्याणच्या पुढे लोहमार्गालगत ओळीने वसलेला आहे : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. अंबरनाथ म्हटले की इतिहासप्रेमींना शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते. त्याच गावातील कारखान्यांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. या पट्ट्यातील हात काम शिकले कसे, हा त्या इतिहासाचा गाभा आहे.

५/१४
पहिली रीत परदेशी भांडवलाची. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच ‘विमको’, स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा काड्यापेट्यांचा कारखाना उभा राहिला. यंत्रही बाहेरचे आणि त्याचे ज्ञानही बाहेरचे. कामगाराच्या वाट्याला त्या यंत्राचा एक तुकडा आला.

६/१४
दुसरी रीत सरकारची. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला आयुध निर्माणी आली आणि १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. ‘प्रोटोटाइप’ म्हणजे पहिला नमुना. यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचे नमुने देशातच घडावेत, ही त्या नावामागची आकांक्षा होती. नमुना घडवायचा तर धातू वाया जाणार, वेळ जाणार, हे त्यात गृहीत होते. चुका करण्याचा खर्च येथे सरकारने उचलला.

७/१४
तिसरी रीत निर्वासितांची. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास सिंधी माणसे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. या लोकांना शिकवायला कोणी आले नाही. वस्तू उघडून, पाहून, पुन्हा जोडून ते शिकले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद महाराष्ट्राने खूप चघळला. त्यामागची जिद्द मात्र फारशी कोणी वाखाणली नाही. येथे चुकीचा खर्च माणसाच्या स्वतःच्या खिशातून गेला.

८/१४
चौथी रीत सर्वांत व्यापक. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे अंबरनाथ-बदलापूर परिसरात अभियांत्रिकी व रसायनांचे लहान-मध्यम कारखाने दाटले. काहींना आयटीआयचे शिक्षण मिळाले. पुष्कळजण मात्र जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहूनच शिकले. चावी चकातच विसरून लेथ चालू केला तर काय होते, पॉवर प्रेसखाली हात क्षणभर जास्त राहिला तर काय होते, हे ज्ञान येथे अनेकदा बोटांच्या मोबदल्यात मिळाले. चुकीची किंमत शरीराने मोजली.

९/१४
या चार रीतींच्या शेजारी आभासी वास्तव ठेवून पाहिले की त्याचे खरे मोल दिसते. ते चकचकीत पडद्यात नाही; शिकाऊ माणसाला चुकण्यासाठी सुरक्षित जागा मिळते, यात आहे. वेल्डिंगच्या सिम्युलेटरमध्ये टॉर्च खराच असल्यासारखा हातात येतो; त्याचा कोन, अंतर आणि वेग यंत्र मोजते. पत्रा, वायू, रॉड काहीच खर्च होत नाही. शंभरदा चुकले तरी डोळे आणि कातडी शाबूत राहते.

१०/१४
तरीही वेल्डिंग प्रत्यक्षात शिकवता येते. रसायनांच्या कारखान्यात काही प्रसंग असे असतात की ते प्रत्यक्ष शिकवताच येत नाहीत. रिॲक्टरचे शीतकरण थांबले, तापमान चढू लागले, चढत्या तापमानाने अभिक्रियेचा वेग आणखी वाढला, तर कोणता व्हॉल्व्ह आधी आणि पळायचे केव्हा? हा प्रसंग सरावासाठी कोणताही कारखाना घडवून आणणार नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांना आपत्कालीन आराखडा सक्तीचा झाला. पण भोंगा वाजल्यावर मैदानात जमणे हा बाहेर पडण्याचा सराव झाला. निर्णय घेण्याचा नव्हे.

११/१४
शेजारच्या डोंबिवलीतील औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा दहा वा अधिक माणसे गेली. हेडसेटने हे स्फोट टळले असते, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. देखभाल, तपासणी आणि परवाने यांची जागा कोणताही पडदा घेऊ शकत नाही. मात्र आणीबाणीचा क्षण माणसाने आयुष्यात प्रथमच पाहावा, ही अवस्था आता अपरिहार्य राहिलेली नाही.

१२/१४
दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला : पडद्याला वास नसतो, उष्णता नसते. पंपाचा आवाज बदलताच कान टवकारणाऱ्या जुन्या ऑपरेटरचे ज्ञान त्यात कसे उतरणार? दुसरा : हे यंत्र हाताची प्रत्येक हालचाल नोंदवते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक टेलरच्या घड्याळाने कामगाराचा प्रत्येक सेकंद मोजला. तीच मोजणी येथे शिकवणीच्या नावाखाली परत येऊ शकते. सरावातील चुकीची नोंद कामावरून काढण्याचा पुरावा ठरली, तर चुकण्याची जागाच उरणार नाही.

१३/१४
उत्तर या पट्ट्याच्या इतिहासातच आहे. तंत्रज्ञान मोठ्या कारखान्याच्या फाटकाआड राहिले तर शेजारचा लहान कारखाना पुन्हा बोटे मोजत शिकतो. हेडसेट आता चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. महाग आहे तो त्यातील धडा. म्हणून तो धडा एकेका मालकाने विकत घेण्याऐवजी सरकारी आयटीआय आणि उद्योजकांच्या संघटनांनी सामायिक करावा. तो मराठीत आणि हिंदीत असावा. कंत्राटी कामगाराला तो पहिल्या पाळीपूर्वी मिळावा, आणि सरावाच्या नोंदी मालकाच्या हाती जाऊ नयेत.

१४/१४
आणि त्या धड्याची संहिता संगणक अभियंत्याने एकट्याने लिहू नये. बदलापूर-अंबरनाथच्या चाळींत आणि इमारतींत आज निवृत्त फिटर, टर्नर, प्लँट ऑपरेटर राहतात. कोणता आवाज धोक्याचा आणि कोणता नेहमीचा, हे त्यांना ठाऊक आहे. ते ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही आणि दरवर्षी त्यातील काही कायमचे नाहीसे होते. लिंकच्या यंत्राला पाच वर्षे आणि अनेक वैमानिकांचे प्राण वाट पाहावी लागली होती. येथे साधन तयार आहे, आणि ते कशासाठी वापरायचे हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत.